गंगव्वानंतरचा घोट

सुनेनं आज मनुका भिजत घातल्या. त्यांचा आंबूस-गोड वास आला आणि एकोणीसशे तीसच्या सुमाराचा, सोलापूरच्या आमच्या चर्चमधला एक रविवार आठवला. अजूनही शिसारी येते.

मी तेव्हा नवी नवरी होते. प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी प्यायचा, मनुकांचा रस सासूबाईंनीच गाळून दिला होता. गिरणीत संडास साफ करणारी गंगव्वा बाप्तिस्मा घेऊन पहिल्यांदाच आमच्या ओळीत बसली होती. पेला सगळ्यांना मिळून एकच असे.

तेवढ्यात हेडमास्तर उठले. मंडळीतले सगळ्यात हुशार गृहस्थ. जंतू, रोगराई, विलायती डॉक्टर असं बरंच सफाईनं बोलून धर्मगुरूंना म्हणाले, "पाळकसाहेब, प्रश्न जातीचा नाही, आरोग्याचा आहे. नव्या लोकांनी शेवटी प्यावं." लोकांनी माना डोलावल्या.

गंगव्वा उठली. "मी मागं बसते की. माझं काय न्हाय."

सासूबाईंनी तिचा हात धरला. "हितंच बस." मग पाळकांना म्हणाल्या, "आदी हिला द्या, मग मला." गंगव्वा प्याली. सासूबाईंनी कडा न पुसता घोट घेतला आणि पेला मास्तरांपुढं धरला. मास्तरांनी रुमालानं कडा घासून पुसली आणि तरीही न पिताच पेला पुढं सरकवला.

घरी जाताना मी विचारलं, "एवढे शिकलेले, त्यांना कळत नाही का?"

"कळतंय की," सासूबाई म्हणाल्या. "प्रभू कुणाशेजारी बसला असता, ते त्यांना चांगलं ठाऊक हाय. म्हणून तर एवढं बोलावं लागलं."