टाकीचं बटण

नीउ-व्हेनेप या डच गावातल्या आमच्या घराखाली खोलवर नळ्या पुरलेल्या आहेत. त्या जमिनीतली ऊब वर आणतात आणि पंप त्या उबेवर घर आणि अंघोळीचं पाणी तापवतो. हिवाळ्याच्या तोंडावर पाण्याची जुनी टाकी गळायला लागली. पंपाच्या जोडीची टाकी लवकर मिळेना, म्हणून मी दुसऱ्याच बनावटीची आणवली. जोडायला आलेल्या माणसाने मला बजावलं: पंप पाणी पन्नास अंशांच्या आसपासच ठेवतो, आठवड्यातून एकदा ते साठच्या वर गेलं पाहिजे. नाहीतर टाकीत लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून छातीत जातात. त्यासाठी टाकीत विजेची कॉइल आहे, ती वेळ झाली की आपोआप तापेल. पण ही टाकी वेगळ्या बनावटीची, त्यामुळे कॉइल बंद राहिली तरी पंपाला कळणार नाही, तो इशारा देणार नाही. कॉइलचं बटण तेवढं बंद करायचं नाही.

मला सगळं कळलं होतं. भाषेची अडचण वगैरे काही नव्हती.

पण बटण बाथरूमच्या बाहेरच होतं आणि त्यावर लाल दिवा जळत होता. मी वाढलो त्या पुण्यातल्या घरात अंघोळ करून बाहेर आलं की पहिला प्रश्न यायचा, "गीझर बंद केलास का?" हात आपसूक भिंतीकडे जायचा. इथेही, पहिल्याच आठवड्यात, गेला. पाणी तर गरम येतच होतं, त्यामुळे कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

मग सासूबाई आल्या. शॉवरखाली प्लास्टिकचं स्टूल ठेवून निवांत अंघोळ करायच्या. काही आठवड्यांनी त्यांना ताप आला, खोकला सुरू झाला. बायको म्हणाली, हवा बदलली की व्हायचंच. मी कपड्यांची बादली घेऊन वर गेलो आणि बटणाकडे नजर गेली. दिवा विझलेला. बटण चालू करतोय तोच बायको मागे येऊन उभी राहिली.

"हे बंद होतं?"

"हो."

"कुणी केलं?"

आतून सासूबाई खोकत म्हणाल्या, "मीच असेन गं. परवा तिथलं काहीतरी दाबलं मी. दिवा कशाला उगाच जळत ठेवायचा?"

"आई, इथल्या कशालाही हात लावू नकोस म्हणून कितीदा सांगितलंय."

"चुकलं बाई."

त्यांनी दाबलं होतं ते शेजारचं, बाथरूमच्या पंख्याचं बटण. मला ते माहीत होतं; तो पंखा परत मीच चालू केला होता. तरी मी बादली उचलली आणि खाली आलो. खरं सांगायचं तर हायसं वाटलं. रात्रभर त्यांचा खोकला ऐकत पडून राहिलो.

सकाळी आम्ही त्यांना हाउसआर्ट्सकडे, इथल्या आमच्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं. बायको डचमधून सांगत होती की आईने चुकून बटण बंद केलं, एक-दोन दिवसच. डॉक्टर मान हलवत म्हणाल्या, मग फारशी काळजी नको.

"एक-दोन दिवस नाही," मी म्हणालो. "बरेच आठवडे. त्या येण्याच्या आधीपासून. मी बंद केलं होतं."

बायकोने माझ्याकडे पाहिलंच नाही. डॉक्टरांनी लगेच लेजिओनेलासाठी लघवीची तपासणी लिहून दिली आणि निकाल येईपर्यंत कुणीही शॉवर घेऊ नका म्हणाल्या.

"काय म्हणाले जावई?" सासूबाईंनी विचारलं.

बायको त्यांना कोट घालू लागली. मग मराठीत पुन्हा सगळं मलाच सांगावं लागलं.

त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे मी नव्हते ना," त्या म्हणाल्या. "रात्रभर मला तीच धास्ती. म्हटलं, पोरीलाही त्याच पाण्याने काही झालं तर माझ्यामुळे." पोर म्हणजे आमची मुलगी, त्यांची नात. "सांगायचं तरी होतं हो काल."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. लेजिओनेला नव्हता, छातीचा साधाच संसर्ग होता. बायकोने आईला सांगितलं, मुलीला सांगितलं. मला ते सासूबाईंकडून कळलं.