मुक्या पट्टीचं बोट

जऊळक्याच्या रेल्वे लायनीवर शेषराव गँगमन होता. दिवसभर घन मारायचा, रुळांच्या सिलिपाटांखाली खडी ठासायचा, आणि संध्याकाळी त्याच हातांनी बुद्धविहारात पेटी वाजवायचा. आता घन धरणारा हात तो! बोटं कसली, कुदळीचे दांडेच. तरी वस्तीतले लोक म्हणायचे, पेटी ऐकावी तर शेषरावाची. त्यात थोडं खरं होतं, आणि बराचसा भागिरथाच्या गळ्याचा प्रताप होता.

भागिरथा त्याची बायको. गायन पार्टीत बाई गाते म्हणून सुरुवातीला चार जणांनी नाकं मुरडली. पुढे तेच चार जण पहिल्या रांगेत जागा धरून बसू लागले. घरात ही दोघं फारशी बोलायची नाहीत. सासू, पोरं, चूल, पाणी, बोलायला सवड कुणाला? पण विहारात ती त्याच्या शेजारी बसायची. त्याने भाता उघडला की ती गळा उघडायची. शेषरावाचा खरा संसार तिथेच चालायचा म्हणा ना.

पार्टीची पेटी जुनी, कुणाकुणाच्या हातून फिरत आलेली. तिच्यातली धैवताची, म्हणजे 'ध'ची पट्टी मुकी होती. दाबा, ठोका, शिव्या द्या, हूं नाही की चूं नाही. शेषराव त्याच पेटीवर शिकला, त्यामुळे त्याचं करंगळीशेजारचं बोट त्या पट्टीकडे कधी वळलंच नाही. पंचमावरून थेट निषादावर उडी. मधली रिकामी जागा भागिरथा एकटी गाऊन काढायची. कुणाला ते कधी खटकलंही नाही.

पंच्याहत्तर साली ग्यानबाने वर्गणी गोळा करून नवी पेटी आणली. ग्यानबा म्हणजे पार्टीचा म्होरक्या. ढोलकी त्याचीच, आणि जीभही ढोलकीसारखीच. पहिल्याच तालमीत त्याने हात थांबवला.

"अरे शेषराव, पेटी नवी, मंग सूर कुठं गेला?"

शेषराव पाहतो तर पट्टी ठणठणीत. बोटच जात नव्हतं!

"जयंतीले शेलूबाजारले गायाचं हाय," ग्यानबा म्हणाला. "तवरीक बोट सुधरलं तं ठीक. नाई तं कामरगावचा पेटीवाला सांगून ठेवतो. वाईट वाटून घेऊ नोको."

वाईट वाटून घेऊ नको म्हणे! भागिरथा गाणार आणि तिच्या शेजारी भलताच कुणी भाता मारत बसणार. मग आपण कुठे बसायचं, मांडवाच्या खांबाजवळ?

दुसऱ्या दिवसापासून त्याने पलटे धरले. सारेग, रेगम, गमप, मपध. मपध आलं की बोट बैलासारखं अडून बसायचं. हाताने घाई केली की आणखीच ताठ व्हायचं. जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावरसुद्धा त्याचे पलटे चालू.

"शेषराव, भाकर खाय ना बाप्पा," गँगमधले हसायचे, "वाजवून कायले राह्यला तिले?"

एका संध्याकाळी तूर निवडता निवडता भागिरथाने सूप बाजूला सारलं.

"आना तो हात इकडे."

तिने त्याचा पंजा पाटावर पालथा ठेवला आणि बाकीची बोटं आपल्या तळव्याखाली दाबून धरली.

"आता ते एकलंच उचला."

उचलेना.

"हळू. घन नाई उचलाचा तुमाले."

थरथरत ते बोट वर आलं, खाली गेलं. सासू दारातून बघत होती. एरवी भागिरथाने लाजून हात सोडला असता, त्या दिवशी सोडला नाही. मग तो रोजचाच नेम झाला. आणि खरं सांगू? बोट पुरतं मोकळं झाल्यावरही शेषरावाने ते काही दिवस मुद्दाम अडवून ठेवलं. लबाड लेकाचा! जयंतीच्या तोंडावर ग्यानबाला तेवढं मपध वाजवून दाखवलं, पण भागिरथाच्या गाण्यासोबत तो धैवत अजून एकदाही वाजला नव्हता.

शेलूबाजारात जयंतीचा मांडव गच्च भरला होता. पहिलं कडवं आलं, ती जागा आली, बोट बिनचूक गेलं आणि धैवत वाजला. स्वच्छ, भरदार.

आणि भागिरथा गप्प झाली.

ग्यानबाने डोळे वटारून ढोलकी चढवली, मागच्यांनी धृपद उचललं आणि कशीबशी वेळ मारून नेली. शेषरावाने ते बोट पट्टीवरून उचलून आखडून धरलं. जागा तिची होती, आपण कशाला मधे घुसलो? येऊ दे तो कामरगाववाला, बसू दे इथं. पण हिचं गाणं मोडायला नको.

पदर सावरायचं निमित्त करून भागिरथा त्याच्याकडे वाकली.

"बोट काहून आखडलं?"

"तुह्या गान्यात आडवं आलं ना ते."

"आडवं?" तिचे डोळे डबडबले होते. "इतके वर्सं त्या जागी मी एकटीच जात होती. आज तुमी संगं आले, तं गळाच दाटला माया. आता आखडा बरं, मंग पाहा!"

शेषरावाला हसू आलं आणि रडूही आलं. त्याने खाली मान घालून पट्ट्या पाहिल्या.

दुसरं कडवं आलं. त्याने बोट ठेवलं आणि तिचा सूर त्याच्या सुराला येऊन मिळाला. दोघंही तिथून हलेनात. ग्यानबाने ढोलकीवरचा हात तसाच अधांतरी धरला. पुढे कामरगावचं नाव त्याने पुन्हा म्हणून काढलं नाही. मांडवात कुणी खोकलंसुद्धा नाही. तिचा दम पुरेपर्यंत शेषराव भाता मारत राहिला.