बिनआल्याची सोदी

उलगम्माळ अक्काला पाककृती सांगायची हौस होती, असं आमच्या गल्लीत सगळे म्हणतात. साफ खोटं आहे. तिला हौस होती ती फोनची.

तिचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत. तिरुनेलवेलीत रथवीथीच्या मागे आमची ही गल्ली, आणि तिथे मी सून होऊन आले तेव्हापासून अक्का माझी शेजारीण. तिचा नवरा कोर्टात कारकून होता, तो लवकर गेला. एकुलती एक मुलगी सेंबगम. तिला मी शाळेत गणित शिकवलं. पोरगी हुशार, आणि अक्काने तिला स्वयंपाकघराकडे कधी फिरकू दिलं नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, निदान भात लावायला तरी शिकव." तर म्हणे, "टीचर, तुम्ही तिला गणित शिकवा. चूल काय, जन्मभर आहेच."

सेंबगमच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचं जेवण मला अजून आठवतं. आम्हा पिळ्ळैमारांत त्या दिवशी मुलीकडचे जावयाला सोदी जेवू घालतात. मुगाची डाळ, शेवग्याच्या शेंगा, बटाटा, बीन्स, सगळं नारळाच्या पातळ दुधात शिजवायचं, शेवटी जाड दूध घालायचं आणि खाली उतरवून लिंबू पिळायचं. लग्नाच्या आचाऱ्यांना त्या एका पातेल्यापासून अक्काने लांब ठेवलं होतं. स्वतः पाट्यावर आलं आणि हिरवी मिरची वाटली. नारळाचं दूध पोटाला जड, त्याला आलं हवंच, आणि आमच्याकडे सोदीची ओळखच त्या आल्याने पटते. लग्नात जावयाचा जो काका प्रत्येक गोष्टीला नाक मुरडत होता, तो गुपचूप तिसऱ्यांदा भात मागून घेत होता. मला बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग सेंबगम नवऱ्याबरोबर मेलबर्नला गेली आणि तिथे तिला कळलं की गणिताने पोट भरतं पण भूक भागत नाही. रोज फोन. तिथे संध्याकाळचा स्वयंपाक, इथे आमची दुपारची जेवायची वेळ. अक्का ताटावर बसलेली असायची, आणि एका हाताने फोन कानाला.

"अम्मा, चिंच किती?"

"लिंबाएवढी."

"केवढ्या लिंबाएवढी? इथली लिंबं नारळाएवढी असतात."

"मग तुझ्या अकलेएवढी घे."

अक्का म्हणायची, फोन कढईजवळ धर, मला ऐकू दे. मोहरी तडतडली की इथून सांगायची, आता कांदा घाल. हळदीचा हात लागून तिच्या फोनची काच कायम पिवळी असायची. आणि कांदा परतायला वेळ लागतो. त्या वेळात मुलगी काय काय सांगून टाकायची. नवऱ्याशी झालेलं भांडण, ऑफिसातली खवचट बाई, पोटातलं पहिलं बाळ राहिलं नाही ते, मग निला झाली तेव्हाची रात्ररात्र जागरणं. रोज कांदा परतेपर्यंत आईला मुलगी मिळायची. असं किती वर्षं चाललं, आणि अक्का त्यावर जगली.

व्हिडिओची कल्पना सेंबगमचीच. "अम्मा, एकदाच सगळं करून दाखव ना. म्हणजे दरवेळी तुला त्रास नको." यात प्रेम होतं हे मला मान्य आहे, पण मुलांच्या प्रेमाला अक्कल असतेच असं नाही. माझी सून एळिल तेव्हा तान्ह्या बाळापायी घरीच होती. तिने मोबाइल उभा केला आणि अक्काला म्हणाली, "बोला." अक्का मोबाइलकडे बघून मुलीशी बोलावं तसं बोलली. "सेंबगम, कांदा लाल करू नकोस गं. ज्योत बारीक कर. तुला घाई फार." एळिलने ते इंटरनेटवर टाकलं आणि लोकांना फार भावलं. कुठकुठल्या बायका बघायला लागल्या. कुणी सिंगापूरहून लिहायचं, कुणी तेन्काशीहून. सगळ्या तिला आच्ची म्हणायच्या, म्हणजे आजी. आच्ची, आम्हालाही सेंबगम म्हणा. आच्ची, तुमच्यामुळे सासूने पहिल्यांदा चांगलं म्हटलं. एळिल हे वाचून दाखवायची आणि अक्का लाजायची.

आणि फोन कमी झाला. आधी रोजचा रविवारचा झाला, मग पोंगल-दिवाळीचा. मध्ये कधीतरी अंगठा वर केलेलं चित्र यायचं. अक्का ताटावर बसायची आणि फोन तिच्या डाव्या हाताला पालथा पडलेला असायचा. मी म्हणायचे, "तूच लाव की." ती म्हणायची, "मी काय विचारणार, टीचर? मला सगळं येतं."

सगळ्या जगाला आई वाटून टाकली आणि मुलीला गरज उरली नाही. मला तेव्हा सेंबगमचा इतका राग यायचा की समोर असती तर बाकावर उभी केली असती.

मग एक दिवस सोदीचा व्हिडिओ करायचं ठरलं. अक्काने नारळ खवला, दूध काढलं, डाळ शिजवली, शेंगा घातल्या. पाटा मात्र धुवून भिंतीला टेकवून ठेवलेला. मी दारात उभी होते. तिने नुसत्या मिरच्या मधे चिरून घातल्या, लिंबू पिळलं आणि "झाली सोदी" म्हणाली. एळिलने मोबाइल बंद केल्यावर मी म्हटलं, "अक्का, आलं राहिलं."

"राहिलं नाही. ठेवलं."

"का?"

ती पदराला हात पुसत राहिली. मग म्हणाली, "सेंबगम लहानपणापासून खातेय. स्वतःच्या लग्नातही खाल्ली. बघितल्या बघितल्या फोन करेल. म्हणेल, अम्मा, वेंधळी कुठची, आलं कुठेय?"

तो व्हिडिओ लोकांपर्यंत गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायका तुटून पडल्या. आच्ची, आलं विसरलात का? तिरुनेलवेलीच्या म्हणवता आणि सोदीत आलं नाही? एकीने लिहिलं, म्हातारीचं वय झालं, आता विश्रांती घ्या. पाळयंकोट्टैहून अक्काची नणंद खास फोन करून कुजकट हसली. एळिल रडकुंडीला आली. "आच्ची, मी खाली लिहून टाकते ना, आलं घाला म्हणून."

"लिहू नकोस. जिला कळायला हवं, तिला कळू दे."

जिचं अक्काशी काही नातं नाही अशा कोइमतूरच्या बाईला कळलं. सिंगापूरच्या बाईला कळलं. सेंबगमचा फोटो आला, एका वाडग्यात सोदी आणि खाली दोन शब्द, सोदी केली, सुपर. अक्काने एळिलला तो फोटो मोठा करायला लावला, अजून मोठा. "त्या बटाट्याजवळ बघ. आल्याचा धागा दिसतो का?" एळिलला काही दिसेना. मला तर वाडगाच धड दिसत नव्हता.

पण आशा मोठी चिवट. दोन दिवसांनी अक्का स्वतःच म्हणाली, "तिने आपल्या मनाने घातलं असणार. म्हणून तर विचारलं नाही. टीचर, पोरगी शिकली." मी म्हटलं, विचार तिला सरळ. तर ऐकेना. डिसेंबरात ती येणारच होती. आल्यावर बघू म्हणाली.

सेंबगम निलाला घेऊन आली. दुसऱ्याच दिवशी अक्काने सोदीचा घाट घातला. पहाटे उठून आलं-मिरची वाटली, तो वास भिंतीपलीकडे माझ्या देवघरापर्यंत आला. मला जेवायला बोलावलं. साक्षीला बोलावलं असंच म्हणायचं. केळीच्या पानावर भात, त्यावर सोदी, बाजूला बटाट्याची भाजी. अक्का वाढून झाल्यावरही बसेना, हातात पळी धरून उभी.

सेंबगमने पहिला घास घेतला आणि थांबली.

"अम्मा, यात काय घातलंयस?"

अक्काचा चेहरा असा उजळला की मलाही भरून आलं. "काय वाटतंय तुला? सांग."

"आलं आहे यात." सेंबगमने बोटाने भात बाजूला केला. "आलं का घातलंस?"

निला पाणी पीत म्हणाली, "आच्ची, झोंबतंय. मेलबर्नला अम्मा करते तीच खरी आच्चीची सोदी."

"सोदीत आलं घालतातच," मी म्हटलं.

"तुमच्याकडे घालत असतील, टीचर. आमच्याकडे कधीच नाही. मी लहानपणापासून खातेय." आणि तिने पुरावा म्हणून मोबाइल काढला. आईचाच व्हिडिओ आईला दाखवला. "बघ. कुठे घातलंस आलं?" मग तिची नजर खाली बायकांनी लिहिलेल्यावर गेली असावी. तिने मोबाइल खाली ठेवला आणि एकदम मऊ आवाजात विचारलं, "अम्मा, तू विसरायला लागलीयेस का?"

अक्काने पळी पातेल्यात ठेवली. तिने माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली, बोलू नका म्हणून.

"हो गं," ती म्हणाली. "होतं हल्ली तसं."

संध्याकाळी मी तिला मागच्या अंगणात गाठलं. "तू सांगत नसलीस तर मी सांगते. मुद्दाम ठेवलं होतं म्हणून सांग."

"काय सांगू? आईने मुलीला खोटी सोदी शिकवली? कशासाठी, तर फोन यावा म्हणून?" ती पायरीवर बसली. "टीचर, तिला चव आठवत नाही. माझी लेक, आणि तिला माझ्या हाताची चव आठवत नाही. हे मी तिला सांगायचं? शपथ आहे तुम्हाला."

मी गप्प बसले. माझ्यासारखी तोंडाळ बाई गप्प बसली.

सेंबगमने मग भराभर व्यवस्था लावली. डॉक्टरकडे न्यायचं होतं, पण परतीचं तिकीट जवळ आलं, म्हणून डॉक्टर पुढच्या खेपेला. खानावळीचा डबा लावला. गॅसचा रेग्युलेटर काढून माझ्या हातात दिला. "टीचर, ती एकटी असते. चालू ठेवून विसरली तर?" जायच्या आदल्या दिवशी तिने बिनआल्याची सोदी केली, आईला भरवली आणि म्हणाली, "बघ, ही तुझ्या हातची." अक्काने पान पुसून खाल्लं.

ती गेल्यावर मी रेग्युलेटर घेऊन अक्काकडे गेले. "हा घे, लाव. कोण सांगायला जातंय तिला?" अक्का म्हणाली, "कुणासाठी करू? राहू दे तुमच्याकडे."

आणि फोन सुरू झाला. रोज, जेवायच्या वेळी. मी तिथेच बसलेली असायचे, कारण डब्यातलं ती माझ्याशिवाय खात नव्हती.

"अम्मा, जेवलीस? काय होतं डब्यात? आज वार कोणता?"

"मंगळवार."

"छान. निलाचं वय किती?"

"नऊ."

"छान. ठेवते हं."

मी इतकी वर्षं तोंडी परीक्षा घेतल्या, पण इतकी कोरडी नाही घेतली. अक्का मात्र आठवडाभर पास होत राहिली आणि फोन मिनिटभरात संपत राहिला. मग एका शुक्रवारी, सकाळीच आम्ही दोघी कांतिमती अम्मनच्या देवळात जाऊन आलो होतो, अक्काच्या कपाळावरची विभूती अजून पुसली नव्हती, तेव्हा सेंबगमने विचारलं, "आज वार कोणता?"

अक्काने माझ्याकडे न बघता म्हटलं, "बुधवार."

 मग सेंबगम रडायला लागली. रडता रडता बोलत राहिली. नवऱ्याची नोकरी गेलीय, निला उलट उत्तरं देते, मला इथे कुणी नाही गं अम्मा. अक्का "हं, सांग" म्हणत राहिली, डब्यातला भात वाळून गेला. फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा जुन्या दिवसांसारखा भरल्या पोटाचा होता. मला तिथे बसवेना.

त्यानंतर ती चुकतच गेली. महिना चुकली, निलाला दुसऱ्याच नावाने हाक मारली, मेलेल्या नवऱ्याला कोर्टातून यायला उशीर झालाय म्हणाली. दर चुकीला फोन लांबत गेला. आणि त्या लांबलेल्या फोनांत सेंबगम कोइमतूरच्या एका जागेबद्दल बोलायला लागली. म्हाताऱ्या माणसांसाठी आहे, डॉक्टर असतात, बाग आहे.

मी तिच्यावर खेकसले. "अक्का, पुरे झालं. अशी उत्तरं देत राहिलीस तर उचलून नेऊन टाकतील तुला."

"टाकू देत," ती शांतपणे म्हणाली. "तिथेही फोन येईलच की."

पुढच्या महिन्यात तिला न्यायला गाडी येणार आहे. तिने साड्यांच्या घड्या घालून ठेवल्या आहेत आणि फोनचा चार्जर सगळ्यात वर ठेवला आहे. परवा सेंबगमने मला फोन केला. सगळं ठरल्यामुळे तिच्या जिवाला शांतता वाटत होती. म्हणाली, "तिथल्या नर्सच रोज सगळं विचारतात, टीचर. वार, तारीख, जेवण. मला महिन्यातून एकदा कळवतात. आता रोज फोन करत बसायला नको."

हे मी अक्काला अजून सांगितलेलं नाही.