लाइट इकडे फिरवता का, काका?

इथे आखातात, अल् घुब्रातल्या आमच्या मराठी मंडळाचा वार्षिक कार्यक्रम म्हणजे मेकअपचा सोहळा. भाड्याने घेतलेल्या शाळेच्या हॉलमागे मुलांची रांग लागायची आणि मंडळाच्या एक काकू एकाच डब्यातून सगळ्यांना स्पंज फिरवायच्या. गोरं, गव्हाळ, सावळं, कुठलंही पोर आत जाऊ दे, बाहेर यायचं ते पिठाच्या डब्यात पडल्यासारखं. हौस हो, दुसरं काय!

त्या वर्षी माझी अकरावीतली लेक पहिल्यांदाच स्टेजवर मराठीतून बोलणार होती. आवडत्या विषयावर पाच मिनिटं. आणि बाईसाहेबांचा विषय कुठला, तर जुने अमेरिकन गुन्हेगारी सिनेमे, न्वार म्हणतात ते. ब्लॅक अँड व्हाइट, ओले रस्ते, हॅटवाला डिटेक्टिव्ह आणि त्याला गुंडाळणारी एखादी सुंदर बाई. लॅपटॉपवर तिनं असले ढीगभर पाहिले होते, आणि त्यातली एक गोष्ट तिला फार लागली होती. काळी माणसं येतात ती बॅग उचलायला, बूट पुसायला, दार उघडायला. बहुतेकांना नावसुद्धा नाही. बरं, धड दिसावीत तरी!

"आई, लाइट सगळे हीरोच्या फेससाठी लावलेत गं," ती म्हणाली. "बाजूच्या माणसाचे फक्त डोळे आणि कॉलर दिसते. आधी त्याला अंधारात ठेवायचं आणि मग अंधाराला घाबरायचं!"

मी बघतच राहिले. लेकीचा रंग माझा, पक्का सावळा. "रंग तेवढा आईवर गेला हो," हे ती बारशापासून ऐकत आलीय. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. ती मात्र कधी काही बोलली नव्हती.

कार्यक्रमाच्या शुक्रवारी तिची पाळी आली आणि काकूंनी स्पंज उचलला.

"काकू, मला नको."

"अगं वेडे, स्टेजवर दिसणार नाहीस!"

"तोंड रंगवून बोलले तर माझं भाषण खोटं होईल."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "तिचं तोंड, तिची मर्जी," मी ठणकावून सांगितलं, पण काळजी होतीच. एक तर मराठी अडखळत बोलणार, त्यात दिसली नाही आणि लोक हसले, तर ही पुन्हा स्टेजवर पाऊल ठेवणार नव्हती. आई आहे मी, मला कळत नाही का?

आणि झालंही तसंच. ती माइकपाशी उभी राहिली, तर मागचा पांढरा पडदा लख्ख आणि ही नुसती सावली. पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मी तावातावाने खुर्चीतून उठलेच. तेवढ्यात माइकमधून तिचा आवाज आला.

"लाइटवाले काका, लाइट इकडे फिरवता का? सगळा पडद्यावर जातोय. मी थांबते."

लाइट सांभाळणारे काका एरवी तेल कंपनीत इंजिनिअर. "यल्ला, चला, फिरवतो!" म्हणत ते स्टुलावर चढले, दिवा वळवला, आणि माझी लेक दिसली. सगळीच्या सगळी, तिच्या रंगासकट. काय गोड दिसत होती म्हणून सांगू!

"थँक यू, काका," ती म्हणाली. "त्या सिनेमांत एवढंच करायचं होतं. कुणी केलं नाही."

पुढचं भाषण निम्मं इंग्रजीत गेलं. दोनदा शब्द अडला, ती थांबली, शोधला आणि पुढे गेली. हसलं कुणीच नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा माझा नवरा एसीच्या वाऱ्याला नावं ठेवत डोळे पुसत होता. मी तर उघड रडले. अभिमानाने ऊर भरून येणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं मला.

निघताना काकूंनी गाठलंच. हातात अजून तो स्पंज होता.

"हे सगळं तुम्ही शिकवलंत का हो तिला?"

"छे हो," मी म्हटलं, "रंग तेवढा माझा. बाकी सगळं तिचं."