पंक्चर नसलेली सायकल

शेळगावची बानूबाई बारामतीला राहायला आली, त्याला सहा वर्षं झाली. बाई कामाला वाघ, आणि तोंडानं त्याहून वाघ. एमआयडीसीत कपडे शिवायच्या एका युनिटात ती धागे कापायच्या टेबलावर होती, आणि त्या टेबलावर सगळ्यांत मोठा आवाज तिचाच. त्याच तोंडानं तिला गोत्यात आणलं.

झालं असं, की बायकांना न्यायला येणारी गाडी दिवाळीनंतर बंद झाली. सुपरवायझर मोनानं सांगून टाकलं, "आपापलं या. तीन लेट मार्क पडले की घरी बसायचं." बाकीच्या बायकांची तोंडं उतरली. बानूबाई मात्र ठसक्यात बोलून गेली, "मला काय घोर! वैष्णवीची सायकल हाय की घरात. टांग मारली की कंपनीत."

वैष्णवी म्हणजे तिची लेक, इंदापूरला नर्सिंगला गेलेली. आठवीत शाळेतून मिळालेली तिची सायकल घरी नुसतीच उभी होती. गिअर न्हाईत, काही न्हाई, साधी लेडीज सायकल. अडचण एकच. बानूबाईला सायकल येतच नव्हती! पोरपण मेंढरांमागं चालण्यात गेलेलं, तिला सायकल शिकवणार कोण?

आता बोललेलं मागं कसं घ्यायचं? दुसऱ्या दिवशी बाई सायकल हातात धरून चार किलोमीटर चालत गेली. गेटवर विचारलं तर म्हणाली, "पंक्चर झाली बया." त्याच्या दुसऱ्या दिवशी पंक्चर. चौथ्या दिवशीही पंक्चर. पेडल आपटून आपटून नडगी काळीनिळी झाली, दोन लेट मार्क बसले, पण हिचा पंक्चरचा हेका काही सुटेना.

शेवटी वाटेवरच्या गोकुळ पंक्चरवाल्याला राहवलं नाही. संध्याकाळी पाळी सुटल्यावर त्यानं तिला अडवलंच. "आणा हिकडं मावशी, रोज काय वढत नेता?" ती नको नको म्हणेस्तोवर त्यानं ट्यूब काढली, हवा भरली आणि पाण्याच्या घमेल्यात फिरवलीसुद्धा. बुडबुडा नाही. पुन्हा फिरवली. तोवर कामावरून घरी चाललेल्या चार-पाच बायका भोवती थांबल्या.

"मावशी, हिला भोकच न्हाय की!"

बायका फिदीफिदी हसल्या. बानूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकटी शकुबाई तेवढी हसली नाही. तिनं गुमान घरची वाट धरली, आणि बानूबाईला तेच जास्त लागलं.

शकुबाई बावडा गावची, पन्नाशीची, त्याच युनिटात कामाला आणि बानूबाईच्याच गल्लीत राहणारी. तीन वर्षांपूर्वी तिनं जुनी सायकल घेतली होती आणि गल्लीतच शिकायला लागली होती. तिला नुकता कुठं तोल सापडला होता, तेवढ्यात बानूबाई दारातून ओरडली होती, "अगं बया, सर्कस आली गं गल्लीत! तिकीट किती म्हणायचं?" सगळी गल्ली पोट धरून हसली होती. आणि बानूबाई, लाज वाटली पाहिजे, ते विसरूनही गेली होती, आज स्वतःवर हसणं ऐकेस्तोवर.

दिवेलागणीला ती शकुबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. भिंतीला सायकल टेकलेली होती, गंजलेली. हँडलवर ओला परकर वाळत घातला होता. सायकल का सोडली, हे विचारायची गरजच नव्हती.

"आक्का, त्या दिवशी मी..."

"ऱ्हाऊ दे," शकुबाई म्हणाली. "शिकायचंय का? मग पदर खोच आधी."

दुसऱ्या दिवसापासून बानूबाई कामाला तासभर आधी पायी निघायची, आणि संध्याकाळी शाळेमागच्या मैदानावर शिकायची. शकुबाई कॅरिअर धरून धापा टाकत मागं पळायची. बानूबाई चारदा पडली, एकदा तर शकुबाईला घेऊन पडली. "फुडं बघ," शकुबाई ओरडायची. "कोण हसतंय ते बघू नगंस. मी तेच बघत बसले."

हे ऐकून बानूबाईला रडू फुटलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ती तशीच पेडल मारत राहिली. बऱ्याच अंतरावर गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, मागं कुणी धरलेलंच नाही.

सोमवारी ती सायकलवर बसून कामाला निघाली. कॅनॉलच्या पुलापर्यंत छान आली. तिथं पुढं शकुबाई दिसली, डब्याची पिशवी घेऊन झपाझपा चाललेली. बानूबाईचा अंगठा घंटीवर गेला, पण दाबवेना. हिला मागं टाकून कोणत्या तोंडानं पुढं जायचं?

पाळीला अजून वेळ होता. ती खाली उतरली आणि सायकल हातात धरून शकुबाईच्या शेजारून चालायला लागली.

शकुबाईनं एकदा चाकांकडं बघितलं, एकदा तिच्याकडं.

"काय गं, पंक्चर?"

"व्हय आक्का," बानूबाई म्हणाली आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन आपल्या हँडलला अडकवली.