तेरा औंसांची काळजी

डेल्बर्ट प्रुइट नोकरीतून निवृत्त झाला आणि सात महिन्यांत त्याला जग धोकादायक वाटायला लागलं. त्याआधी तीस वर्षं तो रस्ते खात्याचा बर्फ काढायचा ट्रक चालवत होता. तेव्हा जगाचं काय चाललंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. आता तो सकाळी आठपासून आरामखुर्चीत बसून बातम्या बघे आणि कुठे कोण कुणाच्या घरात घुसलं ते जेवताना बायकोला ऐकवे. कॅलिफोर्नियात कुणाची गाडी पळवली, तरी हा केंटकीतल्या आपल्या मागच्या दाराची कडी तपासून येई.

बायकोचं नाव नेड्रा. वय एकसष्ट. छत्तीस वर्षं तिने गावातल्या बायकांचे केस कापले, धुतले, कुरळे केले. गुडघे कुरकुरायला लागल्यावर दुकान बंद केलं, पण कात्री सोडली नाही. मंगळवार, बुधवार, गुरुवार ती गाडीत ड्रायर, रोलर आणि प्लास्टिकचं बेसिन टाकून डोंगरातल्या खोऱ्यांमध्ये जाई. तिथल्या ज्या म्हाताऱ्यांना घराबाहेर पडणं होत नव्हतं, त्यांचे केस त्यांच्याच स्वयंपाकघरात करून देई. अशा अकरा जणी होत्या. पैसे फारसे सुटत नसत. पण ते तीन दिवस तिचे होते. गाडीत रेडिओ तिच्या पसंतीचा, दुपारचं खाणं कुणाच्या तरी टेबलावर, आणि गप्पा अशा, की त्यांत डेल्बर्टच्या बातम्यांना जागाच नाही.

मार्चमध्ये शेजारच्या काउंटीत कुणीतरी एका म्हाताऱ्याला ढकलून नशेसाठी त्याची दुखण्याची औषधं पळवली. झालं. डेल्बर्टने जाहीर केलं, की यापुढे नेड्रा एकटी खोऱ्यांत जाणार नाही. तो बरोबर येईल.

आणि तो आलाही. दोन मंगळवार. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, हाताची घडी घालून, पहारेकऱ्यासारखा बसला. डोकं ओलं, गळ्यात टॉवेल आणि दात वाटीत काढून ठेवलेले, अशा अवस्थेत कुठली बाई परक्या पुरुषासमोर बोलेल? त्या गप्प बसल्या. बोलला तो एकटाच. दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी दोघींचे फोन आले, की पुढच्या वेळी राहू दे, आम्हीच कळवू.

"तू येऊ नकोस," नेड्रा त्याला म्हणाली. "असंच चाललं तर महिन्याभरात एकही बाई उरायची नाही."

"मग बंदूक बाळग. रीतसर शिकून, परवाना काढून. तेवढं कर, मग मी एक शब्द बोलणार नाही."

"लिहून देतोस?"

"नवरा आहे मी तुझा, वकील नाही."

नेड्राने विचार केला. आयुष्यभर शिकारी पुरुषांच्या घरांत वावरलेली बाई; बंदुकीचं तिला ना कौतुक, ना भय. परवान्यासाठी शनिवारी एका दिवसाचा वर्ग असे आणि शेवटी परीक्षा: एकवीस फुटांवरचा कागदी माणूस, वीस गोळ्या, त्यांतल्या अकरा त्याला लागल्या पाहिजेत. नापास झाली, तर डेल्बर्ट पुन्हा दारात खुर्ची टाकून बसणार. पास झाली, तर तीन दिवस परत तिचे. ती हो म्हणाली.

बंदूक निवडायला तो तिला रॉइस टकेटच्या दुकानात घेऊन गेला. घेऊन गेला म्हणजे गाडीतून नेलं. दुकानात शिरल्यावर तिचं काम संपलं. काउंटरशी नेहमीचे दोघे कॉफीचे कप घेऊन उभे होते. तेही या कामात सामील झाले.

"बायकोसाठी एक छोटंसं हवंय," डेल्बर्ट म्हणाला.

"हात केवढा आहे तिचा?" रॉइसने त्याला विचारलं.

नेड्राचे दोन्ही हात काउंटरवरच होते. तिने ते थोडे पुढे सरकवले. कुणी पाहिलं नाही.

"बाईमाणसाला हलकंच बरं," कॉफीवाल्यांपैकी एक म्हणाला. "माझी तर पर्समध्ये टाकते आणि विसरूनही जाते."

"विसरायचंच असेल, तर घरी ठेवून विसरता येईल की," नेड्रा म्हणाली.

पुरुष हसले. लहान मुलीने बरं उत्तर दिलं की हसतात तसे. मग रॉइसने कपाटातून एक रिव्हॉल्व्हर काढलं. तळहातात मावेल एवढं, आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं, मूठ फिक्या जांभळ्या रंगाची. तेरा औंस, एक पौंडही नाही, तो म्हणाला, आणि वस्तू स्वतः घडवल्यासारखा अभिमानाने तिघांकडे बघत राहिला. डेल्बर्टने ते हातात झेललं, वर-खाली केलं, शेजारच्याला दिलं. त्यानेही झेललं. कलिंगड घेताना पारखतात तसं तिघांनी त्याचं वजन पारखलं. चाप मात्र कुणीच ओढून पाहिला नाही.

शेवटी ते नेड्राच्या हातात आलं. तिने रॉइसला विचारून, रिकामं असल्याची खात्री करून, भिंतीकडे नळी धरून चाप ओढला. तो हललाच नाही. दुसरं बोट लावून ओढला, तेव्हा कुठे घोडा मागे जाऊन आपटला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी ओळखीची कळ उठली. तो सांधा छत्तीस वर्षांच्या कात्रीने झिजला होता.

"फार घट्ट आहे," ती म्हणाली.

"नवीन आहे ना," रॉइस म्हणाला. "होईल सैल."

"आणि इतकं हलकं कशाला? हलकी कात्री हात दुखवते. वजनदार पोलादाची आपल्या वजनाने कापते, आपण फक्त धरायचं असतं."

"नेड्रा, ही कात्री नव्हे," डेल्बर्ट म्हणाला. तो आवाज तिला पाठ होता. ती गाडीच्या इंजिनाबद्दल, छपराबद्दल किंवा त्याच्या रक्तदाबाबद्दल काही बोलली, की हाच आवाज निघे. "रंग आवडला का, ते सांग."

तिला विचारलेला तो एकच प्रश्न. त्याच्या स्वतःच्या पट्ट्याला पोलादी, लांब नळीचं, चांगलं सव्वादोन पौंडांचं धूड लटकत होतं. ते त्याने बारा वर्षांपूर्वी घेतलं, तेव्हा तीन शनिवार घालवून सात दुकानांतले चाप ओढून पाहिले होते. बायकोचं वीस मिनिटांत आटोपलं. घरी परतताना तो फार खूश होता. बायकोची काळजी घेतल्याचं समाधान त्याच्या मानेपर्यंत चढलं होतं.

रविवारी चर्चहून आल्यावर त्याने मागच्या कुरणात पुठ्ठा उभा केला. दुकानातली सर्वांत जोरदार काडतुसं आणली होती. हल्लेखोर काही हळू गोळीने थांबत नाही, असं त्याचं म्हणणं. कुठे उभं राहायचं ते सांगितलं, कानावर झाकणं दिली, आणि स्वतः मागे जाऊन फोनवर चित्रण करायला लागला. मुलीला पाठवायचं होतं.

नेड्राने चाप ओढला. ते जांभळं खेळणं दार आपटावं तसं तिच्या हातावर आपटलं आणि कपाळाच्या दिशेने उसळलं. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली कातडी फाटली. पुठ्ठ्याला काही झालं नाही.

मागून डेल्बर्टचं हसणं ऐकू आलं. "सवय होईल," तो म्हणाला. "अजून चार आहेत."

तिने त्या चारही मारल्या. मग आत जाऊन हात थंड पाण्याखाली धरला आणि जेवायला फक्त कॉर्नब्रेड टेबलावर ठेवला. भाजीचं काय, असं त्याने विचारलं, तर म्हणाली, सवय होईल.

बुधवारी ती मिस ओपलकडे होती; त्या भागात लग्न झालेल्या बाईलाही आदराने मिसच म्हणत. ओपल एक्याण्णव वर्षांची. कान अधू झाले होते, पण नजर शाबूत होती. वर्ग होईपर्यंत डेल्बर्टने गाडीतच बसायचं कबूल केलं होतं, आणि तो खरंच अंगणात गाडीत बसून बातम्या ऐकत होता. नेड्राची कात्री तिसऱ्यांदा घसरली, तसा ओपलने आरसा खाली ठेवला.

"काय केलंस हाताला?"

नेड्राने सांगितलं. सगळं. तेरा औंस, रंग, फोनवरचं चित्रण.

"आमच्या क्लाइडने मला लग्नाच्या वाढदिवसाला वॉशिंग मशीन आणलं होतं," ओपल म्हणाली. "कपडे सगळे त्याचेच."

"हे तर मशीनही नाही. चावणारं कुत्रं आहे."

"त्याने मारून पाहिली का एक तरी गोळी?"

नेड्रा थांबली. "नाही."

"मग त्याला काय कळणार? माझ्या समोरच्या केसांचं काहीतरी कर हो. एक डोळा झाकलाय, एक उघडा. रविवारी पाद्र्याला वाटेल मी डोळा मारतेय."

शनिवारी अग्निशामक दलाच्या हॉलमध्ये वर्ग झाला. शिकवणारा रॉइसच. नऊ जण होते. दुपारनंतर सगळे जुन्या दगडखाणीत गेले. डेल्बर्ट आपल्या पिकअपच्या मागच्या फळीवर पाय लोंबकळत सोडून बसला, सामना बघायला आल्यासारखा. रॉइसने सगळ्यांना साधी, हलकी काडतुसं दिली होती. नेड्राने दोन बोटांनी चाप ओढत पाच गोळ्या मारल्या. एक कागदी माणसाच्या खांद्याला लागली. चार कुठे गेल्या ते खाणीलाच ठाऊक.

पंधरा उरल्या. त्यांतल्या दहा लागायला हव्या होत्या. तिचा अंगठा टरारला होता आणि या वेगाने त्या दहा लागणार नाहीत, हे तिला केसांतली कोंड्याची खपली दिसावी इतकं स्वच्छ दिसत होतं.

"श्वास रोखून मार," पिकअपवरून सूचना आली. "आणि मनगट घट्ट ठेव. किती वेळा सांगितलं."

नेड्राने रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं केलं, टेबलावर ठेवलं आणि वळली.

"रॉइस, माझी परीक्षा पाच मिनिटं थांबव. डेल्बर्ट मारून दाखवतोय."

"मी कशाला? माझा परवाना आहे."

"मला बघायचंय मनगट कसं घट्ट ठेवतात ते. तुझीच काडतुसं घाल, ती जोरदार."

आठ जण बघत होते. त्यांतले पाच पुरुष. डेल्बर्टला उतरावंच लागलं. तो छाती काढून उभा राहिला आणि पाच गोळ्या झाडल्या. पहिल्या गोळीला त्याचं तोंड वाकडं झालं. दुसरीपासून तो चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागला. दोन कागदाच्या कडेला लागल्या. तीन मागच्या टेकाडात.

"टेकाड मेलं," रांगेतला कुणीतरी म्हणाला.

डेल्बर्ट हात झटकत होता. बोटाच्या पेरावर रक्त होतं. "वस्तूच खराब आहे," तो रॉइसला म्हणाला. "ही परत घे."

"वस्तू ठीक आहे," रॉइस म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने जरा ओशाळून नेड्राकडे पाहिलं. "खिशात बाळगायला चांगली. मारायला अवघड. हलकं म्हटल्यावर सगळा धक्का हातालाच यायचा."

"हे तू काउंटरवर का नाही सांगितलंस?"

"डेल्बर्टने विचारलं नाही, मिस नेड्रा."

"मी विचारलं होतं."

रॉइसने जाऊन गाडीतून पेटी आणली. तीत शिकवायची तीन जुनी रिव्हॉल्व्हरं होती. नेड्राने एकेक उचललं आणि नव्या कात्रीची परीक्षा घ्यावी तसा प्रत्येकाचा चाप दहादा ओढला. पहिल्याचा चाप अडखळत होता. दुसऱ्याची मूठ तिच्या हाताला मोठी. तिसरं काळं, पोलादी, ओबडधोबड, वापरून गुळगुळीत झालेलं. त्याचा चाप एका बोटाने आला आणि दहाव्या वेळीही अंगठा बोलला नाही.

"अगं, याचं वजन दुप्पट आहे," डेल्बर्ट म्हणाला. "दिवसभर कमरेला बाळगणार कशी?"

"बेसिन, ड्रायर आणि दोन पिशव्या घेऊन मी ओपलच्या सतरा पायऱ्या चढते. तेव्हा वजन आठवलं नाही तुला."

तिने पंधरा गोळ्या मारल्या, सावकाश, मध्ये हात झटकून. रॉइसने कागद काढून आणला आणि दोनदा मोजला. आधीची एक धरून एकूण बारा. फार चांगली नेमबाज नव्हतीच ती, पण नियमाने अकरा पुरत होत्या. ते काळं रिव्हॉल्व्हर तिने त्याच संध्याकाळी रॉइसकडून घेतलं, आणि डेल्बर्टला दुकानाबाहेर थांबायला सांगितलं.

परवान्याचे कागद यायला पाच आठवडे लागले. तेवढे आठवडे डेल्बर्ट अंगणांत गाडीत बसून राहिला. कागद आले त्या सोमवारी रात्री जेवताना तो म्हणाला, "तरीपण सुरुवातीला थोडे दिवस मी गाडीतून बरोबर येतो. तुला या सगळ्याची सवय होईपर्यंत."

नेड्राने काटा खाली ठेवला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. निवृत्तीनंतर आरामखुर्चीचा आकार घेतलेला माणूस. तीन दिवस रिकाम्या घरात टीव्हीशी एकटं बसायची त्याला भीती वाटत होती, आणि ही भीती त्याने बायकोच्या नावावर चढवली होती. कधी दारातली खुर्ची, कधी तेरा औंस. खरं काय ते एका वाक्यात सांगितलं असतं, तर कदाचित तिने एखादा गुरुवार त्याला दिलाही असता. पण ते सांगायला जे लागतं, ते रॉइसच्या दुकानात मिळत नव्हतं.

"तू शब्द दिला होतास," ती म्हणाली. "एक शब्द बोलणार नाहीस, असा. आत्तापर्यंत तेरा बोललास."

मंगळवारी सकाळी तिने सामान गाडीत भरलं. तो पायरीवर उभा होता, मोजे घालून, चपलांशिवाय.

"घेतलंस ना ते?" त्याने विचारलं.

"काय घेतलं ते माझं मी बघेन."

"बरं. आणि दुपारी मी काय खाऊ?"

"कपाटात घेवड्याचा डबा आहे. उघडायला चाप ओढावा लागत नाही."

तो आणखी काहीतरी म्हणत होता. तिने काच वर केली, रेडिओ लावला आणि गाडी मागे घेतली.