ढालीआधी पोरी जपणाऱ्या शालनबाई

शालनबाई गव्हाणे यांना मी प्रथम पाहिले ते आमच्या भीमाकाठच्या गावातल्या शाळेच्या मैदानावर, मी सातवीत असताना. बाई नुकत्याच खेळशिक्षिका म्हणून रुजू झाल्या होत्या आणि शिरूरहून रोज एसटीने येत. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा मुलींना खेळाविषयी काहीच सांगितले नाही. पदर खोचून त्या मैदानातले खडे आणि बाभळीचे काटे वेचू लागल्या, मग आम्हीही वेचू लागलो. मी मात्र कडेलाच उभी होते. का, असे त्यांनी विचारले तेव्हा मला जोरात पळता येत नाही, असे मी सांगितले.

"बसता येतं ना?" बाई म्हणाल्या. "मग ये. खो-खोत एक पळते तेव्हा आठजणी बसलेल्याच असतात."

पुढचे कित्येक दिवस त्यांनी मला केवळ बसायला आणि पाठीवर थाप पडताच उठायला शिकवले. आपल्यालाही काही जमते, हे मला त्या मैदानावर कळले. ज्या मुलीला जे येते तिथून तिला पुढे न्यायचे, ही बाईंची रीत मी तेव्हापासून पाहत आले आहे.

बाईंची खरी ओळख मात्र आम्हाला दौंडच्या स्पर्धेत झाली. आमचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता. गावात विजेत्या संघाची ढाल पूर्वी कधी आली नव्हती, त्यामुळे जीप भरून माणसे आली होती. त्यांत आप्पाही होते. आप्पा म्हणजे आमची सर्वांत चपळ खेळाडू सुरेखा हिचे वडील, गावातले वजनदार बागायतदार आणि शाळेच्या कमिटीतले सभासद. सकाळच्या सामन्यात सुरेखाचा पाय मुरगळला. तिने दुखत नसल्याचे सांगितले. बाईंनी तिला खाली बसून उठायला लावले. ती उठली, पण उठताना तिने ओठ दाताखाली धरला. बाईंनी तिचे नाव संघातून काढले आणि तिच्या जागी मला घेतले.

आप्पा मंडपातून तडक मैदानात आले. "बाई, पोरगी तयार हाय, मी तिचा बाप तयार हाय. मंग तुमची काय अडचन हाय?"

बाईंचा आवाज चढला नाही. "आप्पा, घरी ती तुमचं ऐकेल. इथं तिला मी घेऊन आलेय. ती खेळणार नाही."

आम्ही हरलो, तेही एका गुणाने. आप्पा सुरेखाला जीपमध्ये घालून निघून गेले. आम्ही एसटीने परतलो. गाडीत बाईंनी हरण्याचा विषय काढला नाही. प्रत्येकीने शेजारच्या मुलीने आज काय चांगले केले ते सांगायचे, असे त्यांनी सुचवले. माझ्या शेजारची म्हणाली, "मनीषानं उठायला जरा बी वेळ लावला न्हाई." हरलेल्या दिवशी मी इतकी आनंदात होते की मला त्याची लाज वाटत होती.

पुढच्याच आठवड्यात कमिटीने सायंकाळचा सराव बंद केला. बाईंनी तक्रार केली नाही. त्या थेट आप्पांच्या घरी गेल्या, पण सरावाबद्दल बोलायला नव्हे, सुरेखाचा पाय पाहायला. शिरूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून हाडाला बारीक चीर गेल्याचे सांगितले होते. सुरेखाने नंतर आम्हाला सांगितले, की बाई तिच्याजवळ बसून गप्पा मारत होत्या आणि आप्पा दारातच उभे होते. चहा झाला, बाई उठल्या, तेव्हा कुठे ते बोलले. "बाई, उद्यापासनं सराव घ्या. हिचा पाय बरा झाला की ही तुमच्या ताब्यात. मी मधी पडणार न्हाई."

तो शब्द त्यांना पाळता आला, असे म्हणता येणार नाही. सराव पाहायला आले की ते काठावरून ओरडत आणि मुली गांगरून जात. बाईंनी त्यांना गप्प बसायला सांगितले नाही. त्यांच्या हातात स्टॉपवॉच दिले आणि वेळ सांभाळायची विनंती केली. काट्यावरची नजर काढता येईना, म्हणून आप्पांचे ओरडणे आपोआप थांबले. पुढे कोणतेही पालक काठावरून आरडाओरडा करू लागले, की बाई त्यांना काहीतरी काम देत. ही युक्ती मी आजही वापरते.

आज मी शिक्रापूरच्या एका शाळेत खेळ शिकवते. कंपन्यांत कामाला आलेल्या कुटुंबांच्या मुली माझ्या संघात आहेत. निवृत्तीनंतरही बाई शिरूरहून माझ्या मदतीला येतात. दीड-दोन वर्षांपूर्वी पिंकी नावाची एक गुणी मुलगी अचानक येईनाशी झाली. मी निरोपावर निरोप धाडत होते. बाई मात्र तिच्या खोलीवर जाऊन बसल्या. आईची शिफ्ट बदलली होती, धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणी नव्हते. बाईंचे हिंदी दिव्यच. "उसको भी लेके आव, मैं हाय ना," असे त्यांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी पिंकी खेळत होती आणि तिचा भाऊ बाईंच्या मांडीवर पेंगत होता.

बाईंनी किती ढाली मिळवल्या, हे या गौरवग्रंथात इतर कुणी लिहीलच. त्यांच्या हाताखालून गेलेली एकही मुलगी मैदानाला घाबरून घरी बसली नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकते. सुरेखा आता दौंडला मुलींचा संघ घडवते आहे. तिच्या संघाशी आमचा सामना असला, की बाई कुणाच्या बाजूला बसणार यावरून आमची लटकी भांडणे होतात.

मागच्या महिन्यात पिंकीची आई कामावरून परस्पर मैदानावर आली. बाई किती दिवस येणार आहेत, असे तिने मला हळूच विचारले. त्यानंतर झालेल्या धाकट्या मुलीलाही याच बाईंकडे घालायचे तिच्या मनात होते. ती मुलगी अजून रांगते आहे. येतील की, असे मी सांगून टाकले.

बाई, तुम्हाला न विचारताच मी तुमच्या वतीने शब्द देऊन बसले आहे. साठी पूर्ण होताना तुम्हाला उत्तम आरोग्य आणि भरपूर आयुष्य लाभो, आणि त्या मुलीची पहिली थाप तुमच्याच हातची पडो.